कोच मार्लिसला काढलं त्याची खरी हकीकत

मार्लिस,

तुला कॉलेजातून का काढलं, याच्या गावात अजून तीन गोष्टी चालू आहेत. एकीत तू वेंडल क्रॉसच्या तोंडावर शिट्टी फेकून मारलीस, दुसरीत तुला कॅन्सर झाला होता, आणि तिसरी इतकी घाणेरडी आहे की मी ती लिहिणार नाही. तिन्ही खोट्या. चौकशीच्या खोलीत आपण पाच जणं होतो. दोघं गेले, तुझी मदतनीस जोलीन बोलत नाही, आणि तू स्वतःची गोष्ट सांगायला लागलीस की अर्धी गिळून टाकतेस. तेव्हा मीच लिहिते. तुला माहीत असलेलंही लिहीन. मी पंच्याऐंशीची आहे, आडवळणं घेत बसायला मला वेळ नाही.

आधी तू कोण, ते. गावापासून सहा मैलांवर शेत, चार भाऊ, एक तू. आपल्या आयोवात तेव्हा शाळेतल्या मुली सहा-सहा जणींचं बास्केटबॉल खेळायच्या. तिघींनी कोर्टाच्या एका अर्ध्यात नुसता बचाव करायचा, तिघींनी दुसऱ्या अर्ध्यात नुसते बास्केट टाकायचे, मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. तू बचावातली. चार वर्षं खेळलीस आणि तुझ्या नावावर एकही गुण नाही. तू चेंडू हिसकावायचीस आणि रेघेवर उभं राहून पलीकडे मैत्रीण लॉरेटाला द्यायचीस. लॉरेटा टाकायची, पेपरात लॉरेटाचा फोटो यायचा. "मला काय त्याचं," तू म्हणायचीस, "माझ्या आईला एवढंच कळायचं की मी घामाघूम होऊन घरी येते आणि कपडे धुवायला पडतात."

सत्ताविसाव्या वर्षी तू आमच्या कॉलेजात मुलींची कोच झालीस. हिवाळाभर तू दुसऱ्यांच्या शाळांच्या कोर्टावर, लाकडी पायऱ्यांवर बसायचीस, मांडीवर पॉपकॉर्नची पिशवी, पायात भावाचे जुने बूट. बाकीचे कोच कोणती मुलगी किती बास्केट टाकते ते बघायचे. तू बघायचीस, बाहेर बसवलेली मुलगी कशी बसते. पाणी कोण पुढे करतं, तोंड कोण फिरवून बसतं. अशा वेचून आणलेल्या मुलींना घेऊन तू सोळा वर्षांत अकरा वेळा विभागात पहिली आलीस.

मी रसायनशास्त्र शिकवायचे. शिवाय खेळाडूंच्या नियमांवर नजर ठेवणारी प्राध्यापकांची प्रतिनिधी मीच होते, कारण ते काम दुसरं कुणी घेईना. नवी मुलगी कॉलेजकडे कशी ओढायची, तिला कधी भेटायचं, किती वेळा फोन करायचा, जेवायला काय घालायचं, या सगळ्याचं नियमांचं पुस्तक विटेएवढं जाड होतं. तू दारातून डोकं आत घालायचीस. "प्रोफेसरबाई, काल शाळेच्या कोर्टावर मी शिंकले आणि एक मुलगी मला 'देव भलं करो' म्हणाली. कुठल्या फॉर्मवर लिहू?"

"बाहेर हो," मी म्हणायचे.

नियम तुला पाठ होते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तुझ्या बाजूनं बोलणारे म्हणतात की बिचारीला माहीत नव्हतं. माहीत होतं.

नोव्हेंबरात सह्यांचा आठवडा असतो. शाळेतल्या मुली तेव्हा कोणत्या कॉलेजात खेळणार त्याच्या कागदावर सही करतात. त्याच्या आधीच्या चार दिवसांत कोणत्याही कोचनं कोणत्याही मुलीला किंवा तिच्या घरच्यांना समोरासमोर भेटायचं नाही, असा नियम. कारण साधं आहे. त्या दिवसांत मुली घाबरलेल्या असतात, आणि घाबरलेल्या मुलीला कुणीही वळवू शकतं.

त्या वर्षी सगळ्यांना हवी होती ती डेना रीमर. सहा फूट एक इंच, हात असे की चेंडू संत्र्यासारखा दिसायचा. ती लॉरेटाची मुलगी. आणि तिचं नदीपलीकडच्या मोठ्या कॉलेजात जायचं जवळजवळ ठरलेलं होतं. तुला ते ठाऊक होतं. तू मला म्हणाली होतीस, "जाऊ दे. लॉरेटाची पोरगी आहे, मोठ्याच ठिकाणी जायला पाहिजे."

चार दिवस सुरू झाले आणि लॉरेटा गेली. त्रेचाळिसाव्या वर्षी. शनिवारी सकाळी दहाला अंत्यविधी.

त्या शुक्रवारी तू मला फोन करायला हवा होतास. एवढंच म्हणायचं होतं, "विनी, माझी शाळेतली मैत्रीण गेली, जाऊ ना?" मी एक फॅक्स पाठवला असता आणि दुपारपर्यंत कॉलेजांच्या क्रीडासंघटनेची परवानगी आली असती. नियम करणारी माणसं आहेत, राक्षस नाहीत. पण तू केला नाहीस. मयताला जाऊ का, असं आपल्याकडे कुणी विचारतं का? त्यात मयताचं जेवण वाढायची पाळी तुमच्या चर्चमधल्या बायकांच्या रूथ मंडळाची. यादी चर्चच्या स्वयंपाकघराच्या दारावर लावलेली, तिच्यात तुझं नाव. आपल्याकडे त्या यादीतलं नाव खोडायचं तर बाईला स्वतःला शवपेटीत असावं लागतं.

मीही गेले होते. चर्चच्या तळघरात लांब टेबलं, हॅम सँडविच, चीज घातलेल्या बटाट्यांच्या तीन पराती, कॉफीची मोठी टाकी. तू ॲप्रन बांधून बटाटे वाढत होतीस. डेना ताट घेऊन पुढे आली. तू वाढलंस, तिनं ताट पुढे नेलं. तोंडातून अक्षर नाही. मला वाटलं, शहाणी आहे. मी घरी आले. तिथं मी चुकले, तेही लिहिते. दफनभूमीपर्यंत यायला हवं होतं.

दफनभूमी गावाबाहेर अकरा मैल. सगळे गाड्यांतून ओळीनं निघाले. डेना वडलांच्या गाडीत नव्हती. ती तुझ्या गाडीत होती.

बुधवारी तिनं सही केली. आमच्या कॉलेजसाठी. नदीपलीकडच्यांना धक्का बसला, मलाही बसला. तू मला वरांड्यात मिठी मारलीस. मिठ्या मारणाऱ्यांतली तू नव्हेस. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

गुरुवारी आपलं साप्ताहिक आलं, आणि त्यात अल्विना होल्मचा रकाना. कोण कुणाकडे रविवारी जेवायला गेलं, कुणाचा भाऊ नेब्रास्काहून आला, कुणाची गाय खड्ड्यात पडली, हे अल्विना चाळीस वर्षं लिहीत होती. लोक पहिलं पान सोडून ते वाचायचे. त्या गुरुवारी तिनं लिहिलं: 'लॉरेटा रीमर यांच्या अंत्यविधीस दोनशे दहा जण उपस्थित होते. जेवण रूथ मंडळाने दिले. कु. डेना कोच मार्लिस ब्रूनिंग यांच्या गाडीतून दफनभूमीकडे गेल्या, आणि दोघी बराच वेळ गाडीतच बोलत बसल्या होत्या. वारा बोचरा होता.'

अल्विनानं मायेनं लिहिलं होतं. तिला वाटलं, केवढं चांगलं केलं मार्लिसनं.

नदीपलीकडच्या कोचची आई मूळची आपल्या तालुक्यातली. तिला ते साप्ताहिक अजून टपालानं जायचं.

तक्रार डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या टेबलावर आली, सोबत कात्रण. मी लगेच नोव्हेंबरचा भेटींचा फॉर्म काढला. महिन्याला कोचनं आणि तिच्या मदतनीस कोचनं कुणाला कुठं भेटलो ते लिहून दोघींनी सही करायची असते. सात ते दहा नोव्हेंबरच्या रांगेत लिहिलं होतं: 'कुणालाही भेटलो नाही.' खाली तुझी सही, आणि जोलीन पेट्रीची.

तुला मी बोलावलं. दार लावलं. कात्रण पुढे ठेवलं.

तू वाचलंस आणि म्हणालीस, "अल्विनानं वाऱ्याचंसुद्धा लिहिलंय."

"मार्लिस, थट्टा नको. गाडीत काय झालं?"

"काही नाही. पोरगी रडत होती, बसली."

"आपण होऊन बसली की तू बोलावलंस?"

"आपण होऊन."

"काय बोललात?"

"हीटर लावू का विचारलं."

"आणि फॉर्मवर 'कुणालाही नाही' का लिहिलंय?"

तू खिडकीतून बाहेर बघितलंस. "मयतात भेटणं म्हणजे भेटणं का, विनी?"

"हो," मी म्हणाले. "नियमात मयताला सूट नाही. मागितली तर मिळते. तू मागितली नाहीस, आणि वर खोटं लिहिलंस."

"सात सामने जिंकलोय आम्ही," तू म्हणालीस. "सातपैकी सात. हे आत्ता नको करूस."

"मी काही करत नाहीये. कागद टेबलावर आलाय."

तू उठलीस. दारात थांबून म्हणालीस, "तू माझ्या जागी असतीस तर तिला चालत जायला सांगितलं असतंस का?" मी तिला तिच्या बापाच्या गाडीत बसवलं असतं, हे उत्तर होतं, पण त्या दिवशी ते मला सुचलं नाही.

चौकशी गुरुवारी सकाळी दहाला, अध्यक्षांच्या खोलीत. त्याच संध्याकाळी सातला घरच्या कोर्टावर सामना. टेबलाच्या एका बाजूला आम्ही तिघं: अध्यक्ष डॉ. ऑर्डवे, क्रीडाविभागाचा प्रमुख वेंडल क्रॉस आणि मी. समोर तू आणि जोलीन. जोलीन एकतीस वर्षांची, घरी दोन पोरं, नवरा धान्याच्या कोठारात पाठीला मार लागून घरी बसलेला. तिनं कोट काढलाच नव्हता.

वेंडल तुला वाचवायला आला होता, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. त्याला जिंकणारा संघ हवा होता. त्यानं फॉर्म उचलला. "हे अक्षर कुणाचं?"

"माझं," जोलीन म्हणाली.

"म्हणजे 'कुणालाही भेटलो नाही' हे तुम्ही लिहिलंत."

"हो, सर."

"आणि कोच ब्रूनिंगनी गडबडीत खाली सही केली असेल. सामन्यांचे दिवस. होतं असं." तो तुझ्याकडे वळला. "मार्लिस, असंच झालं ना?"

डॉ. ऑर्डवे चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी पुसत राहिले. मी तुझ्याकडे बघत होते. एक 'हो' म्हटलं असतंस तर तू वाचली असतीस. गाडीतली भेट लहान चूक ठरली असती, दोन सामने घरी बसली असतीस. फॉर्मचं जोलीनच्या गळ्यात पडलं असतं आणि नाताळाआधी तिची नोकरी गेली असती. जोलीन मान खाली घालून कोटाचं बटण फिरवत होती. तिलाही ते कळलं होतं.

वेंडल म्हणाला, "पाणी हवंय का?"

"नको," तू म्हणालीस. "मी सांगितलं तिला तसं लिहायला. ती म्हणाली, कोच, हे खोटं आहे. मी म्हटलं, लिही. दुसऱ्यांदा म्हणाली. मी म्हटलं, तुला इथं काम करायचंय की नाही?"

वेंडलनं फॉर्म खाली ठेवला.

"आणि गाडीचंही सांगते," तू म्हणालीस. आता तू थांबणार नव्हतीस. "मी प्रोफेसरबाईंना खोटं सांगितलं. पोरगी आपण होऊन बसली नाही. ती बापाच्या गाडीपाशी उभी होती. मी काच खाली केली आणि म्हटलं, चल, बस. अकरा मैल ती बोलली नाही. तिथं पोचल्यावर म्हणाली, कोच, आता मी कुठं जाऊ? ती आईबद्दल विचारत होती. मला कळलं होतं, ती आईबद्दल विचारतेय. मी म्हटलं, माझ्याकडे ये. आमच्या कॉलेजात ये."

खोली तापवणारा रेडिएटर ठकठक करत होता.

"तुम्हाला हे सांगायची गरज नव्हती," डॉ. ऑर्डवे म्हणाले.

"गाडी माझी होती," तू म्हणालीस. "पोरीवर काही येऊ नये."

तुम्हा दोघींना बाहेर बसवलं. वेंडल म्हणाला, उरलेला मोसम घरी बसवू, पुढच्या वर्षी परत घेऊ. डॉ. ऑर्डवे म्हणाले, त्यांना दोन्ही बाजू पटतात. त्यांना आयुष्यभर दोन्ही बाजू पटत आल्या. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणाले, "काढा."

"विनिफ्रेड," वेंडल म्हणाला, "ती तुमची मैत्रीण आहे."

"माहितेय मला कोण आहे ती."

हे तुला कधी कुणी सांगितलं नसेल, म्हणून लिहिते. माझं मत पडलं म्हणून तू गेलीस. मयतासाठी नव्हे. गाडीसाठीसुद्धा नव्हे, जरी आई पुरायला निघालेल्या पोरीला वळवणं मला आवडलं नाही. 'तुला इथं काम करायचंय की नाही' या वाक्यासाठी. तू आत खरं बोललीस ते मला दिसलं, त्याचं मोल मला होतं. पण जोलीन ते वाक्य ऐकून तीन आठवडे झोपली नव्हती, आणि जिच्या हाताखाली माणसं आहेत तिनं ते वाक्य एकदा वापरलं की तिच्या हाताखाली माणसं ठेवू नयेत. आज विचारलंस तरी मी तेच म्हणेन.

अडीच वाजता तुला कळवलं. अट अशी की त्या क्षणापासून संघातल्या कुठल्याही मुलीशी बोलायचं नाही, चौकशी संघटनेकडे जाईपर्यंत. तू माझ्या खोलीत आलीस, किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्यास. रडली नाहीस. म्हणालीस, "एक काम करशील?"

"बोल."

"चारला मुली कोर्टावर जमतील. वेंडलच्या आधी तू जा. त्यांना सांग, कोचनं खोटं लिहिलं आणि दुसऱ्या बाईकडून लिहवून घेतलं, म्हणून गेली. हेच शब्द. डेनाचं नाव निघालं तर सांग, तिचा काही संबंध नाही, कोचनंच तिला गाडीत बोलावलं. पुढच्या वर्षी ती पोरगी त्यांच्यात येणार आहे, विनी. त्यांना माझ्याकडून कळलं पाहिजे, म्हणजे तुझ्याकडून."

"सांगते," मी म्हणाले.

"नक्की?"

"मार्लिस, मी एकदा म्हटलं ना, सांगते."

पावणेचारला मी निघाले. बर्फ साफ केलेल्या वाटेनं कोर्टाच्या इमारतीपर्यंत गेले. दाराच्या काचेतून मुली दिसत होत्या. बारा जणी, काही बूट बांधत होत्या, दोघी हसत होत्या. ती उंच, लाल केसांची मिरियम चेंडू बोटावर फिरवत होती. त्यांना माहीत नव्हतं. मी दाराच्या दांड्यावर हात ठेवला. मग मला वाटलं, आत गेले की पहिला प्रश्न येईल, 'कोचना काढायचं कुणी ठरवलं?' आणि मला त्याचं उत्तर द्यावं लागेल.

मी तीस वर्षं भरल्या वर्गात उभी राहिले होते. त्या दाराशी मला उभं राहता आलं नाही. मी परत फिरले. वाटेत वेंडल भेटला, हातात टाइप केलेला कागद. त्यानं आत जाऊन वाचून दाखवलं की कोच ब्रूनिंग वैयक्तिक कारणासाठी संघ सोडत आहेत. संध्याकाळचा सामना मुली एकवीस गुणांनी हरल्या.

पुढचं तुला ठाऊक आहे, थोडं नाहीही. डेनावर संघटनेनं ठपका ठेवला नाही, ती पुढच्या ऑगस्टमध्ये आली. तोवर मुलींनी आपापसांत ठरवून टाकलं होतं की हिच्यापायी आपली कोच गेली. कुणी तिला काही बोललं नाही. जेवणाच्या टेबलावर ती बसली की बाकीच्यांचं जेवण संपलेलं असायचं. ती एक मोसम खेळली आणि कॉलेज सोडून गेली. तू तोवर शाळेची बस चालवायला लागली होतीस. सतरा वर्षं चालवलीस, एक दिवस उशीर नाही. बसमधली तेव्हाची पोरं अजून तुला 'कोच' म्हणतात, का ते त्यांना माहीत नाही.

मागच्या ऑक्टोबरात आपण वाण्याच्या दुकानात भेटलो. तू सफरचंदं निवडत होतीस, काठी सामानाच्या ढकलगाडीला अडकवलेली. मक्याचं बोललो, तुझ्या गुडघ्याचं बोललो. मग तू अचानक म्हणालीस, "त्या दिवशी तू मुलींना सांगितलंस, ते फार बरं झालं. नाहीतर डेनाचं काय झालं असतं. मी तुला कधी म्हटलं नाही."

मी म्हणाले, "हं." आणि कांदे बघायला गेले.

मार्लिस, मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही. बारा जणींपैकी नऊ जणी याच राज्यात आहेत, मिरियम तर इथून वीस मैलांवर दातांची डॉक्टर आहे. मी तिच्याच खुर्चीत दोनदा बसले, तोंड उघडं ठेवून, आणि तरी सांगितलं नाही.